मायेच्या लहान गोष्टींची वही: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम ठरलं. खिशात मावेल अशी पातळ छापील वही करायची. जवळच्या माणसाने आपल्यासाठी केलेली एखादी लहानशी गोष्ट त्या दिवशी नजरेला पडली, तर ती दोन ओळींत टिपायची, एवढाच तिचा उपयोग. नवरा-बायको, भावंडं, आई आणि तिचा मोठा झालेला मुलगा, एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणी, कुणालाही वापरता यावी. समुपदेशन करणाऱ्या एक ताई आमच्याबरोबर आहेत, चित्रं आणि मांडणी एक मित्र बघतोय, मजकूर माझ्याकडे.

कल्पना ताईंची. त्यांच्याकडे येणारी कितीतरी माणसं पहिल्याच भेटीत सांगतात, "घरात माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही." आणि ज्याच्याविषयी हे चाललेलं असतं तो माणूस बाहेरच्या बाकावर त्यांची पिशवी मांडीवर धरून बसलेला असतो. ताई म्हणतात, तक्रार खरी असते आणि पिशवी धरून बसणंही खरं असतं. पण बोलण्यात फक्त पहिली गोष्ट येते.

९ जानेवारी

ताईंच्या या निरीक्षणाला संशोधनाचा आधार आहे का, ते शोधलं. आहे, आणि चांगला भक्कम आहे. रॉबिन्सन आणि प्राइस या संशोधकांनी १९८० मध्ये जोडप्यांच्या वागण्यातल्या सुखावणाऱ्या कृती दोन बाजूंनी नोंदवून घेतल्या. एक नोंद प्रशिक्षित निरीक्षकांची, दुसरी खुद्द जोडप्यांची. नात्यात समाधानी असलेल्यांची नोंद निरीक्षकांशी बऱ्यापैकी जुळली. असमाधानी असलेल्यांनी मात्र निरीक्षकांना दिसलेल्या चांगल्या कृतींपैकी जवळजवळ निम्म्या टिपल्याच नव्हत्या.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. नातं आटत चाललंय असं वाटतं तेव्हा माया कमी झालेली असू शकते, पण ती तितकीच असून दिसेनाशी झालेली असू शकते. दुसऱ्या प्रकारात करण्यासारखं काहीतरी आपल्या हातात आहे. वही त्याच्यासाठीच करायची.

१४ जानेवारी

आजचा दिवस जॉन गॉटमन यांच्या कामावर गेला. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी घरासारखी सजवलेली प्रयोगशाळा उभी केली. तिथे नवविवाहित जोडपी येऊन राहायची आणि त्यांचं साधं बोलणं-वागणं टिपलं जायचं. त्यांचं लक्ष भांडणांइतकंच अगदी किरकोळ बोलण्याकडे होतं. एकजण खिडकीतून बघत म्हणतो, "तो पक्षी बघ." इंग्रजीत त्यांनी याला जे नाव दिलं, त्यासाठी आम्ही वहीत ‘साद’ म्हणणार आहोत. साद घातली की समोरचा तीनपैकी काहीतरी एक करतो: वळून बघतो, ऐकलंच नाही असं राहतो, नाहीतर वैतागतो. सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ज्यांचा संसार टिकला होता ती जोडपी प्रयोगशाळेत सादेला सरासरी ८६ टक्के वेळा वळली होती. जी विभक्त झाली ती ३३ टक्के वेळा.

मित्राला हे आकडे पहिल्या पानावर मोठ्या टाइपात हवे होते. मी नको म्हटलं आणि ताईंनीही. आकडे एका विशिष्ट गटाचे आणि प्रयोगशाळेतले आहेत. ते घराघरांत गेले की कुणीतरी आपल्या माणसाचे टक्के काढायला बसेल आणि ८६ भरले नाहीत म्हणून झोप घालवून घेईल. आम्हाला या कामातून एकच गोष्ट घ्यायची आहे: पक्ष्याकडे वळून बघणं हीसुद्धा मायेची कृती आहे आणि ती वहीत लिहिण्याच्या लायकीची आहे. बरेच लोक मायेची गोष्ट म्हटल्यावर भेटवस्तू किंवा मोठा त्याग आठवू लागतात. हातातलं काम क्षणभर थांबवून "कुठे? अरे हो!" म्हणणाऱ्याला कुणी श्रेय देत नाही.

१५ जानेवारी

आकार ठरला. वही उजव्या हातात धरून डाव्या हाताने पान उलटता येईल एवढी. रेघा फिकट. पानावर तारखेला जागा आहे, वाराला नाही. रोज लिहिण्याचं बंधन नको, त्यामुळे तारखाही आधी छापायच्या नाहीत.

२५ जानेवारी

ओळखीतल्या काही घरांत कच्ची पानं दिली होती, ती परत येऊ लागली. लिहिणाऱ्यांच्या परवानगीने, नावं काढून, काही नोंदी इथे उतरवतो. या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं सामान हेच आहे.

"मी झोपले होते. त्याने फोनचा आवाज बंद केला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बोलला."

"बाबांनी माझा चष्मा पुसून ठेवला. त्यांना स्वतःला नीट दिसत नाही."

"ती उशिरा येणार होती, तरी ‘पोचले’ असा निरोप आला. मी मागितला नव्हता."

"भांडण झालं होतं. तरी माझ्या गोळ्यांचं पाकीट उशाशी ठेवलेलं होतं."

"चालताना तो न बोलता गाड्यांच्या बाजूला झाला."

"मी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते हे तिला माहीत होतं. तिने पूर्ण ऐकली."

"मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. आईने ठोठावलं आणि मी ‘ये’ म्हणेपर्यंत थांबली." ही एका शाळकरी मुलीची.

वाचताना एक गोष्ट लक्षात आली. यातल्या काही कृतींत काहीतरी टाळलेलं आहे: आवाज केला नाही, टोकलं नाही, दार ढकललं नाही. अशा गोष्टींचा मागमूस राहत नाही, म्हणून त्या सगळ्यांत आधी नजरेतून सुटतात. केलेली गोष्ट निदान समोर दिसते. न केलेली दिसायला समोरच्याला काय करता आलं असतं, याची थोडी कल्पना करावी लागते. पानाच्या कडेला एक ओळ घालायची ठरली: "आज त्यांनी तुमच्यासाठी काय करायचं टाळलं?"

भांडणानंतरच्या गोळ्यांच्या पाकिटावर ताई खूप वेळ बोलल्या. राग आलेला असतानाही काळजीची सवय चालू राहते, याचा एवढा साधा पुरावा त्यांनाही क्वचितच हाती लागतो, असं म्हणाल्या.

२९ जानेवारी

आलेल्या पानांत स्पर्शाच्या नोंदी पुष्कळ आहेत. पाठीवर हात, केसांतून फिरलेली बोटं, जाता जाता खांद्याला लागलेला तळवा. म्हणून थोडं शरीरशास्त्र पाहिलं.

आपल्या केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने हळुवार फिरवलेल्या स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि लोकांनाही नेमका तोच वेग सर्वांत सुखद वाटतो. बाळाला थोपटून झाल्यावर त्याच्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या कुणालाही हा वेग शिकवावा लागत नाही.

दुसरा प्रयोग जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००६ चा. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून, विजेचा सौम्य झटका बसू शकतो असा इशारा दिला जायचा. कधी नवऱ्याचा हात हातात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याशी जोडलेली हालचाल कमी झाली, नवऱ्याचा हात असताना जास्त कमी झाली, आणि ज्यांचं नातं अधिक चांगलं होतं त्यांच्यात त्याहून ठळकपणे. झटका तर टळलेला नव्हता, फक्त हात हातात होता.

हे दोन्ही वहीत छापायचं नाही. मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी जे पत्रक करणार आहोत त्यात जाईल.

३ फेब्रुवारी

आज सगळ्यात मोठा निर्णय झाला. पहिल्या आराखड्यात दोन रकाने होते: ‘त्यांनी माझ्यासाठी’ आणि ‘मी त्यांच्यासाठी’. दुसरा काढून टाकला.

कारण रॉस आणि सिकोली यांचं १९७९ चं काम. नवरा-बायको दोघांना वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात, स्वतःचं कौतुक कुणाला नको असतं. पण वाद उकरून काढण्यासारख्या नावडत्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला. म्हणजे मुद्दा आढ्यतेचा नाही. आपण केलेलं आपल्याला आतून ठाऊक असतं, त्यामागचे कष्ट आणि विचार आठवतात. दुसऱ्याने केलेलं निम्मं तर आपण तिथे नसताना झालेलं असतं.

स्वतःचा रकाना ठेवला असता तर तो आपोआप भरभरून वाहिला असता, आणि शेजारचा रकाना त्याच्यापुढे कायम रिकामा वाटला असता. वहीचा जमाखर्च झाला असता. आता एकच रकाना आहे आणि तो दुसऱ्याचा आहे. मित्राने विचारलं, मग माझं केलेलं कुणी लिहायचं? त्याचं उत्तर सरळ आहे: ते दुसऱ्याच्या वहीत. आणि दुसऱ्याने वही वापरली नाही तर? त्यावर ताई म्हणाल्या की एकट्याने लिहिलेल्या वहीचाही उपयोग होतो. घरात आपली कदर होते की नाही हा प्रश्न त्याने सुटत नाही, तो वेगळ्याने बोलावाच लागतो. वही त्या बोलण्याच्या आड येऊ नये, हे आम्ही लक्षात ठेवतोय.

११ फेब्रुवारी

एका अभ्यासाने सगळ्यांनाच विचारात पाडलं. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी वकिलीच्या कठीण परीक्षेची तयारी करणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून रोजनिशी लिहून घेतली. २००० मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. जोडीदाराने ‘आज आधार दिला’ असं लिहिलं पण उमेदवाराने ‘आज आधार मिळाला’ असं लिहिलं नाही, अशा दिवसांनंतर उमेदवाराचं मन सर्वांत बरं राहिलं. आधार दिसला की कधी कधी आपण कमी पडतोय ही जाणीवही सोबत येते. न दिसलेला आधार ओझं न देता काम करून जातो.

मग आम्ही लोकांना सगळं दिसायला लावतोय ते बरोबर आहे का? यावर संध्याकाळभर बोलणं झालं.

ताईंचं म्हणणं मला पटलं. त्या अभ्यासातला माणूस ऐन ताणात आहे. परीक्षा तोंडावर असताना "बघ, मी तुझ्यासाठी किती करतोय" हे कळणं जड जाणारच. परीक्षा संपल्यावर, महिन्याभराने, "तेव्हा तू माझे सगळे फोन घेत होतास हे मला आता कळतंय" असं म्हणण्यात ते ओझं नसतं. शिवाय आमच्या वहीत पाहणारा घेणाऱ्या बाजूचा आहे. देणाऱ्याने दाखवणं आणि घेणाऱ्याने ओळखणं यांत पुष्कळ अंतर आहे.

यातून दोन बदल झाले. वहीत ‘उशिरा दिसलेलं’ अशी काही पानं राहतील, जुन्या गोष्टींसाठी. आणि सूचनेत एक वाक्य येईल: "अवघड दिवस चालू असतील तर जमेल तसं लिहा, वाचून दाखवायची घाई नको." मला स्वतःला ही ‘उशिरा दिसलेलं’ची पानं सगळ्यांत जास्त आवडतात. मोठ्या वयाच्या माणसांना ती हवी असणार. आईवडिलांनी केलेलं बरंच काही आपण त्यांच्या वयाला पोचल्यावरच दिसायला लागतं.

१९ फेब्रुवारी

वाक्य कसं लिहायचं यावर काम. परत आलेल्या पानांत बऱ्याच नोंदी "मला बरं वाटलं", "माझं काम सोपं झालं" अशा होत्या. चांगल्याच आहेत, पण सेरा अल्गो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आभाराच्या बोलण्यातले दोन धागे वेगळे करून दाखवले: मला काय मिळालं हे सांगणं, आणि तुझ्यात काय आहे हे सांगणं. ऐकणाऱ्याला सुखावणारा आणि जवळ आणणारा धागा दुसरा निघाला.

नमुन्याला एक नोंद घेतली. "छत्री आणून दिली त्यामुळे भिजलो नाही" ही पहिली तऱ्हा. "आभाळ भरलेलं तुझ्या आधी लक्षात आलं आणि तू जिना उतरून आलीस" ही दुसरी. दुसरीत छत्री जवळजवळ नाहीच, माणूस आहे. पानावरचा प्रश्न म्हणून बदलला. "तुम्हाला काय मिळालं?" काढलं, "त्यांनी काय लक्षात ठेवलं, काय ओळखलं?" घातलं.

अल्गो यांचंच २०१० चं एक काम आमच्या वहीच्या फार जवळचं आहे. एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनी दोन आठवडे रोज रात्री नोंदी केल्या. जोडीदाराच्या एखाद्या लहान कृतीबद्दल ज्या दिवशी कृतज्ञता वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नात्याबद्दलचं समाधान आणि जवळीक वाढलेली दिसली. घेणाऱ्याची तर वाढलीच, करणाऱ्याचीही वाढली.

२१ फेब्रुवारी

"आपल्याच माणसाला असं काही बोलायचं म्हणजे अवघडल्यासारखं होतं." हे इतक्या जणांनी लिहिलंय की त्याला उत्तर द्यायलाच हवं. कुमार आणि एप्ली यांच्या २०१८ च्या प्रयोगांत लोकांनी कृतज्ञतेची पत्रं लिहिली आणि समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज आधी सांगितला. मग पत्र मिळालेल्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना खूपच कमी अवघडलेपण आलं होतं आणि आनंद जास्त झाला होता. लिहिणारा शब्द बरोबर जमले का या चिंतेत असतो, वाचणाऱ्यापर्यंत आपुलकी आधी पोचते.

तरी बोलणं जमत नसेल त्याला बोलायला लावायचं नाही. वही उघडी ठेवून खोलीबाहेर गेलं तरी चालेल, हे सूचनेत आहे. ही ओळ मित्राची, आणि ती तशीच ठेवतोय.

२७ फेब्रुवारी

ताईंच्या आग्रहाने पहिल्या पानाच्या मागे एक मजकूर येतोय आणि त्यावर कुणाचाही वाद नाही. घरात ज्याची भीती वाटते, जो मारतो, धमकावतो, पैसे किंवा फोन काढून घेतो, अशा माणसासाठी ही वही नाही. तिथे मारहाणीनंतर आलेली हळुवार वागणूक टिपत राहिलं तर माणूस जास्त काळ अडकून पडतो. लहान चांगल्या गोष्टी मोठ्या इजेची भरपाई करत नाहीत. अशा वेळी विश्वासातल्या माणसाशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी बोलावं, असं साध्या शब्दांत लिहिलं. ताईंनी ते मोठ्याने वाचून दोन शब्द बदलले. टाइप बाकी मजकुराएवढाच, बारीक नाही.

७ मार्च

चांगल्या बातमीची चौकट घातली. शेली गेबल आणि सहकाऱ्यांचं २००४ पासूनचं काम सांगतं की आपली आनंदाची बातमी समोरचा कशी घेतो, यावर नात्याचा बराच भार असतो. उत्साहाने चौकशी करणारा प्रतिसाद चांगल्या नात्याशी जोडलेला दिसला. नुसतं "छान" म्हणून विषय बदलणं, खोट काढणं किंवा ऐकून सोडून देणं, या तिन्हींचा संबंध उलट दिशेचा निघाला. "छान" या यादीत आहे, हे कळल्यावर आमच्यापैकी प्रत्येकाला घरचं कुणीतरी आठवलं.

दुःखात धावून येणाऱ्याला सगळे ओळखतात. आपल्या किरकोळ यशावर "थांब, पहिल्यापासून सांग" म्हणून खुर्ची ओढून बसणारा माणूस तितकाच दुर्मिळ आहे. चौकटीवरचा प्रश्न: "तुमची चांगली बातमी कुणी पूर्ण ऐकली?"

१३ मार्च

आणखी एक पान, मधोमध, कोरंच. वर एकच ओळ: "या माणसाची आणि तुमची गाठ पडलीच नसती तर?" २००८ च्या एका अभ्यासात जोडीदार कसा भेटला हे लिहिणाऱ्यांपेक्षा, तो कदाचित भेटलाच नसता हे लिहिणाऱ्यांचं नात्याबद्दलचं समाधान जास्त वाढलं होतं. सवयीने पुसट झालेली गोष्ट नसण्याच्या कल्पनेने पुन्हा उठून दिसते. भावंडांना आणि आईवडिलांना हा प्रश्न लागू पडत नाही, म्हणून त्यांच्या वहीत तिथे "यांच्याकडून नकळत उचललेली एखादी सवय" असं येईल.

२२ मार्च

भरलेली वही कुणाची, यावर शेवटची चर्चा. मित्राच्या मते ती ज्याच्याविषयी लिहिली त्याला द्यावी. ऐकायला सुरेख आहे, पण द्यायचीच आहे हे आधी माहीत असेल तर माणूस दाखवण्यासाठी लिहू लागतो आणि गोळ्यांच्या पाकिटासारखी नोंद येणंच बंद होतं. वही लिहिणाऱ्याचीच राहील. शेवटच्या काही पानांना फाडायची टोचरेघ असेल. वाटलं तर एखादी नोंद तिथे उतरवून फाडून द्यावी, नाही वाटलं तर नाही.

फाइल आज छपाईला गेली. पहिल्या प्रती ताईंच्या गटाला मिळतील. मुलांच्या वहीत अक्षरांसाठी रेघा रुंद लागतील आणि चित्र काढायला जागा लागेल, त्याचा आराखडा मित्राने सुरू केला आहे.